शनिवारचा सामना

"काढायचा म्हणजे काढायचा," गुणाजी म्हणाला.

"बरं. त्याला सांगणार कोण?" हौसाने विचारलं. त्याबरोबर सगळे एकदम खाडीकडे बघायला लागले.

धरमतरच्या धक्क्यावर पेणच्या फुटबॉल क्लबाची सभा भरली होती. सभा कसली, बार्जमधला माल उतरवून टेकलेले गुणाजी आणि दहाबारा हमाल, आणि सुक्या मासळीची टोपली रिकामी करून बसलेली हौसा. तिचा लेक जनू गोलकीपर होता आणि ती एकही सामना चुकवत नसे. सामना तरी वर्षातून एकच व्हायचा, पेण आणि रोहा यांच्यात, रोह्याच्या मैदानावर. जिंकणाऱ्याला ढाल. यंदा पंचविसावं वर्ष. आधीच्या चोवीस सामन्यांत पेण वीस वेळा हरलं होतं आणि चोवीसही वर्षं मॅनेजर एकच होता, एलिजा शिंपी.

आता माणूस वाईट म्हणावा तर तसं मुळीच नाही. अकरा जणांचे शर्ट तो स्वतःच्या मशिनीवर शिवायचा. खेळही त्याला कळायचा. घोडं अडायचं ते तोंडापाशी. रेषेबाहेर उभा राहून तो एका दमात "पुढं जा" आणि "मागं ये" ओरडायचा, आणि पोरं त्याच्या शब्दाबाहेर नसल्यामुळे बिचारी दोन्ही करायला बघायची. एकदा तर जनू गोल सोडून "काय म्हणालात, एलिजाभाऊ?" असं विचारायला रेषेपर्यंत चालत आला. तेवढ्यात रोह्याने चेंडू आत घातला.

"त्याचा भाऊ इस्राएलला गेला, बहीण गेली," हौसा म्हणाली. "ह्याचे पण कागद झाले होते. गेला नाय. का, तर म्हणे टीम कोण बघंल? आणि तुम्ही त्याला घरी बसवायला निघालाव. लाज नाय वाटत?"

"वाटते गो. पण हरायची पण वाटते," एक हमाल म्हणाला.

गुणाजीचं दुखणं निराळंच होतं. त्याची सासुरवाडी रोह्याची, आणि सख्खा मेव्हणा हैबतराव हा रोह्याच्या क्लबाचा सेक्रेटरी. हरलेल्या वर्षी गुणाजी तिकडे जेवायला बसला की हैबतराव स्वतः आमटी वाढायला यायचा आणि प्रत्येक पळीला मोठ्याने गोल मोजायचा. एक, दोन, तीन. वीस वर्षं गुणाजीने ती आमटी मुकाट्याने ओरपली होती.

त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. त्यावर चोवीस वर्षांचे निकाल होते, वारासकट.

"चार वेळा जिंकलो," तो म्हणाला. "चारी वेळा शनवार होता."

शनिवार एलिजाभाऊचा शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा वार. त्या दिवशी तो मशिनीला हात लावत नसे, गाडीत बसत नसे, म्हणजे रोह्यालाही येत नसे. मग पोरं आपल्या मनाने खेळायची. सूर्य बुडाला की तो पेणच्या एस.टी. स्टँडवर येऊन टीमची वाट बघत उभा राहायचा, आणि गाडी थांबायच्या आत खिडकीशी येऊन विचारायचा, "किती गोल?"

मग हौसाच म्हणाली, "तर मग काढायचा कशाला? सामना शनवारी लावून घ्या. त्याचा मान ऱ्हाईल आणि तुला आमटी गोड लागंल."

सगळ्यांना हायसं वाटलं. एलिजाभाऊला यातलं काही कळू द्यायचं नाही असं ठरलं, आणि दुसऱ्याच दिवशी गुणाजी आणि हौसा बोंबलांची जुडी घेऊन रोह्याला हैबतरावाच्या घरी गेले.

हैबतरावाने आधी पानं मांडायला लावली. मग सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला.

"शनिवारच ना, दाजी? तुमचा अर्ज केव्हाच आलाय."

त्याने फडताळातून एक पोस्टकार्ड काढलं. खाली एलिजाभाऊची सही होती. आमचा सामना कृपया शनिवारी ठेवावा, एवढंच लिहिलेलं.

"दर वर्षी येतं हे कार्ड," हैबतराव म्हणाला. "चारदा ऐकलं, चारदा हरलो, मग ऐकायचं सोडलं. यंदा पंचविसावं वर्ष, म्हटलं द्यावा शनिवार."

"पण शनवारी तो सोताच येत नाय," गुणाजी म्हणाला.

"मी पण त्याला हेच विचारलं. तर म्हणाला, मी नसलो की पोरं जिंकतात. म्हटलं, मग बाकीच्या वारी तरी कशाला येतोस? तर म्हणाला, शनिवारी देव मला घरी बसवतो. बाकीच्या वारी माझं मलाच बसवत नाय."

हौसाने पदर डोळ्यांना लावला. गुणाजीच्या डोळ्यांपुढे एस.टी. स्टँड आला, आणि खिडकीशी येऊन गोल विचारणारा तो म्हातारा. ज्याला आपण काढायला निघालो होतो, तो इतकी वर्षं स्वतःच स्वतःला काढायला बघत होता. गुणाजीला स्वतःची फार लाज वाटली. त्याने ते कार्ड उलटं करून पाटाखाली सरकवलं.

"रविवार लावा," तो म्हणाला.

हैबतराव बघतच राहिला. "दाजी, अहो, तो येईल. तुम्ही हराल."

"हरू की," गुणाजीने ताट पुढे केलं. "वाढा आमटी. मोजून वाढा."