कपाळावरचा डाग

दुर्गदबैल बाजारातल्या फोटो स्टुडिओत अण्णा कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाला, “बघ, आई अगदी लक्ष्मीसारखी दिसतेय.” आईचं तेरावं परवावर आलं होतं, म्हणून माझ्या या थोरल्या भावाने तिच्या फोटोचं पेंटिंग करायला टाकलं होतं. कॉम्प्युटरने तिच्या सुरकुत्या रंगाच्या फटकाऱ्यांत बुडवल्या होत्या, फिकट पातळ हिरवंगार केलं होतं, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा गेल्यापासून आईने कुंकवाला हात लावला नव्हता. अण्णाने लावूच दिला नव्हता. “मूळ फोटो दाखवा,” मी म्हटलं. स्टुडिओवाल्या बसवराजने तो मोठा करून दाखवला. “नोड्री अक्का, हे बघा, कपाळावर इथं लाल डाग होता. मी पहिल्यांदा तोच साफ केला.” डाग! अण्णाच्या मुलीच्या लग्नातला फोटो तो. नातीने हौसेने आजीला कुंकू लावलं होतं, आणि फोटोवाला समोर येताच अण्णा चारचौघांत खेकसला होता, “पूस ते आधी!” आईने पदराने कपाळ घासलं आणि ती कॅमेऱ्याकडे बघून हसली. “एवढं चिडायला काय झालं?” अण्णा आता मला म्हणाला. “कुंकू मीच लावायला सांगितलं. माणसं येणार. आई शोभून दिसायला नको?” “दिसू दे की,” मी म्हटलं आणि बसवराजकडे वळले. “हे कुंकू काढून टाका. तो डाग होता तसा परत आणा, आणि चांगला ठळक रंगवा. रोज हार घालताना अण्णाला दिसला पाहिजे.”