दुसरं हृदय

"तपासणी चालू आहे, काकू," असं फोनवर सांगून तनुजाने तोच नमुना पाचव्यांदा यंत्रात ठेवला. निदान आपलं बोलणं तरी खोटं ठरू नये. आकडा पुन्हा तोच आला. नळीत आता थेंबही उरला नव्हता.

आकडा पहिल्याच दिवशी बरोबर होता. लॅबमध्ये रिपोर्ट तपासून सोडण्याचं काम तनुजाचं; तिने सही केव्हाच केली होती. पण वाईट रिपोर्ट कुणाला एकट्याने वाचू द्यायचा नाही, असा कायदा होता. पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीला दहा फुटांत दुसऱ्या हृदयाचे ठोके जाणवले, तरच तो मोबाइलवर उघडायचा. हे पेशंटला सांगायचीही मनाई होती. आणि हेमलता खरोटे काकूंकडे पाच दिवसांत कुणी फिरकलंच नव्हतं.

"उद्या नक्की ना गं?" काकूंनी विचारलं होतं. उद्या काय सांगणार?

"खड्ड्यात गेला तो कायदा!" तनुजाने ॲप्रन खुर्चीवर फेकला आणि रिक्षा पकडली. वाटेत तिने वाक्यं जुळवली, मोडली. आधी हात धरायचा, मग सांगायचं. कॉलनीतल्या शेवटच्या बैठ्या घराचं फाटक ढकलून ती धावतच दाराशी पोचली. छाती धडधडत होती. तिने बेलकडे हात नेला.

तेवढ्यात आत मोबाइल वाजला.

तनुजा दोन्ही हातांनी दार बडवू लागली. "काकू, दार उघडा! आधी दार उघडा!"

"कोण आहे?" आतून आनंदी आवाज आला. "थांबा हं जरा, माझा रिपोर्ट आलाय एकदाचा!"