हिरव्या पाण्याची वाट

सहाव्या दिवशी सकाळी बद्रीनाथनं धनगरवस्तीच्या विहिरीतून पोहरा शेंदला आणि उन्हात धरला. पाणी नितळ होतं. त्यानं ते बाटलीत भरलं, वर तारखेची चिठ्ठी डकवली आणि पुन्हा कठड्याशी बसला.

बारा दिवसांपूर्वी कपाशीच्या फवारणीला पाणी काढताना त्याच्या हातून औषधाचा अख्खा डबा स्वतःच्या विहिरीत पडला होता. त्याची विहीर वर, माळाच्या उतारावर. ही खाली, चार शेतं सोडून. वस्तीवरच्या तीस घरांना पाणी हिचंच. डबा बुडाला तसा तो अनवाणी पळत आला आणि सांगून टाकलं, "हे पाणी पिऊ नका." तेव्हापासून बाया पिशोरच्या वाटेवरच्या हापशावरून हंडे आणत होत्या.

मग सहा दिवसांनी भूजलवाले साहेब आले. त्यांनी वरच्या विहिरीत हिरवा रंग ओतला.

"जमिनीखालचं पाणी एका जागी थांबत नाही," ते म्हणाले. "मुरमातून, खडकाच्या भेगांतून सरकत राहतं. औषध जाईल तिकडं रंग जाईल. इथं दिसला, तर ही विहीर सोडा."

"आन् नाय दिसला तर?" राजाबाईनं विचारलं. वस्तीत तीच थोरली.

"दुसरीकडं कुठंतरी निघेल. शोधू."

तेव्हापासून बद्रीनाथ इथंच होता. राजाबाई मेंढरं रानात लावून रोज शेजारी येऊन बसायची, बाटल्या उन्हात धरून बघायची.

"शिव्या तरी द्या, मावशी," तो एकदा म्हणाला.

"देईन की. आधी पाणी बघू."

त्या दिवशी दुपारी साहेब बांधाबांधानं चालत आले. त्यांचे बूट हिरवे झाले होते.

"रंग सापडला," ते म्हणाले. "मधे जमिनीत काळ्या पाषाणाची उभी भिंत आहे. पाणी तिला अडून पलीकडं वळलंय. इकडं थेंब आलेला नाही. तपासणीला नेलेलं पाणीही साफ निघालं. प्या आता."

राजाबाईनं पोहरा सोडला. वर काढून ओंजळीनं प्याली, घोट घोट, सावकाश. मग पदरानं तोंड पुसलं.

"निघालं कुठं मग?"

"यांच्याच कपाशीत. खालच्या अंगाला पाझर फुटलाय, सरीसरीतून हिरवं वाहतंय. जनावरं फिरकू देऊ नका तिकडं."

राजाबाई बद्रीनाथकडं वळली.

"तुझ्याच रानात निघालं की रं."

बद्रीनाथनं डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यात तोंड खुपसलं. आतून आवाज आला.

"व्हय, मावशी. लई बरं झालं."