पाण्यातले देव

“पंत, एकदा तरी ‘राम’ म्हणा. नाहीतर तिरडीला खांदा द्यायला माणूस मिळायचं नाही,” धुंडिराजशास्त्री उशाशी वाकून म्हणाले.

नरहरपंत तापाने फणफणले होते. ‘देव आहे की नाही मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही,’ असं गावोगावच्या सभांत सांगून त्यांनी शास्त्र्यांची झोप घालवली होती. मरताना तरी हा माणूस शरण येईल, या आशेने शास्त्रीबुवा रोज समाचाराला येत. इतका जिव्हाळा पंतांच्या चाहत्यांनीही दाखवला नव्हता.

“आधी तापावरचं कोयनेल घेऊ द्या,” पंत कण्हले. “दोन्ही एकदम घेतली तर गुण कशाने आला ते कळायचं नाही.”

शास्त्रीबुवा तणतणत बाहेर आले आणि पंतांच्या पत्नीला, द्वारकाबाईंना म्हणाले, “वहिनी, आम्ही देव पाण्यात घातलेत. यांना सुबुद्धी होईपर्यंत काढणार नाही!”

ताप उतरला तसे पंत भिंत धरत स्वयंपाकघरात गेले. तिथे घंगाळात घरचेही देव बुडालेले. द्वारकाबाईंचा चेहरा पडला. पुढच्या व्याख्यानात आपलीच टिंगल होणार आणि तिला टाळ्याही पडणार, हे त्या ओळखून होत्या.

“शास्त्र्यांचे सुबुद्धीसाठी आहेत,” त्या पुटपुटल्या. “माझे इकडच्या जिवासाठी.”

 पंतांनी खाली बसून पाण्यात हात घातला.

“फडकं दे आधी,” ते म्हणाले. “असलेच, तर गारठले असतील बिचारे.”