निम्मं दुखणं

गुडघा बदलल्यापासून हंसाबाई झेंडे यांचं निम्मं दुखणं त्यांचे पती दिगंबरराव सोसत होते. दोघांच्या मनगटांवरचे पट्टे हे दुखणं दोघांत वाटून देत. सासवडमध्ये आता कुणीच ऑपरेशननंतरचं दुखणं एकट्याने सोसत नसे.

तरीही हंसाबाईंचा गुडघा पुरता वाकेना.

"जखम भरलीय, सांधा छान बसलाय," व्यायाम करून घ्यायला येणारी फरीदा म्हणाली. "पण आता वाकवला नाही, तर तो असाच आखडून राहील, काकू."

पलंगावर पाय पसरून बसलेल्या हंसाबाईंनी पुन्हा टाच मागे ओढली. खुर्चीतल्या दिगंबररावांनी ओठ घट्ट मिटले. हंसाबाईंचा पाय तिथेच थांबला.

"तुम्ही काकांकडे बघून थांबता," फरीदा हळूच म्हणाली.

हंसाबाईंनी मनगटावरचा पट्टा सोडला. "अहो, तुमचाही काढा."

"अगं, सगळं तुझ्यावर येईल."

"येऊ दे. तुमचा चेहरा बघवत नाही मला."

दिगंबररावांनी नाइलाजाने पट्टा काढला. हंसाबाईंनी डोळे मिटून पाय ओढला. त्या जोरात ओरडल्या, पण थांबल्या नाहीत. गुडघा वाकला.

दिगंबरराव धडपडत उठले. ऑपरेशनपासून बायकोला किती दुखतंय, हे त्यांना कधी विचारावंच लागलं नव्हतं. आता त्यांना काहीच कळत नव्हतं.

"हंसा, फार दुखतंय का गं?"

"फार," त्या रडत म्हणाल्या. "इथे बसा माझ्याजवळ."

ते पलंगाच्या कडेला बसले. हंसाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि पाय पुन्हा मागे ओढला.