कर्णधाराची चूक

“तो चेंडू सोडायलाच नको होता. चूक आमच्या कर्णधाराची आहे,” एवढं पत्रकारांना सांगून प्रशिक्षक हेनिंग ब्राखमान उठला. शेवटच्या मिनिटाला झालेल्या त्या गोलमुळे त्याचा क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता.

याच क्लबकडून हेनिंग पंधरा वर्षं बचावपटू म्हणून खेळला. एका अंतिम सामन्यात त्याने स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू मारला, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने सगळा दोष स्वतःवर घेतला होता. आज तर “सोड, गोलकीपर घेईल!” असं मैदानाबाहेरून ओरडला होता तो खुद्द हेनिंगच.

ड्रेसिंग रूममधल्या टीव्हीवर त्याचंच बोलणं पुन्हा दाखवत होते. सगळे माना खाली घालून बसले होते. तो आत येताच कर्णधार योनास उभा राहिला.

“माफ करा, कोच. मी एकदा मागे वळून बघायला हवं होतं.”

हेनिंगचे कान तापले. त्या पोराच्या नजरेला नजर देणं त्याला जमेना.

“नाही रे,” तो सगळ्यांसमोर कसाबसा म्हणाला, “सोड म्हणून मीच ओरडलो. आणि बाहेर जाऊन तुझ्याकडे बोट दाखवलं.”

“आवाज ओळखला होता मी,” योनास हळूच म्हणाला. “म्हणून तर सोडला.”

पत्रकार अजून गेले नसतील, या आशेने हेनिंग दुखऱ्या गुडघ्यांनिशी पॅसेजमधून धावत सुटला.