वार पडेपर्यंत

पशुवैद्य पंकजाताईंनी कालवडीच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार होतं. तिनं बोट चोखलं नाही.

"गाय व्यायली कधी?"

"आज चौथा दिस," रंगनाथ म्हणाला. "गीर हाय, मॅडम. कालवड झाली म्हनून तिसगावातनं पेढं आनून वाटलं. कालपासनं ही पांढरी हगवन लागलीया."

रंगनाथची बायको, बनुबाई, कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कालवडीचे डोळे खोल गेले होते. शेपटीखालून पांढुरकं पाणी वाहत होतं.

पंकजाताईंनी मानेतली शीर शोधून सलाईन लावलं. बाटली गोठ्याच्या मेढीला बांधली.

"चीक केव्हा पाजला हिला?"

"वार पडल्यावर. आधी पाजला की वार गाईच्या पोटातच अडकती."

"वार केव्हा पडली?"

"गाय पहाटंच व्याली. वार दुपारी चारला पडली."

"तोवर हिच्या पोटात काय गेलं?"

बनुबाई म्हणाली, "भुकेनं भिताड चाटत हुती. खालचं शेन-मूत चाटत हुती."

"तेच जंतू पोटात गेले. आईचा चीक दोन तासांच्या आत मिळाला असता, तर तिला ते सोसले असते." पंकजाताईंनी रिकामी सिरिंज बॅगेत टाकली. "मग पहिल्या चिकाचं काय केलं?"

"शेवगावला धाडला," बनुबाई म्हणाली. "लेकीच्या सासरी. खरवसाला."

रंगनाथनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"बरोबर हाय तुमचं, मॅडम," तो म्हणाला. "म्या हिला सांगत हुतो, आधी पाज म्हनून. पन बायामानसाला कुठं कळतंय!"

बनुबाईनं मान वर केली. त्या पहाटे ओल्या कालवडीला उचलून तीच गाईच्या कासेशी घेऊन गेली होती. त्यानं तिच्या दंडाला धरून तिला मागं ओढलं होतं. माहेरचं शहाणपण हितं चालवू नको, म्हणाला होता. दंडावरचा वळ अजून निळा होता.

तिनं पदर ओढून दंड झाकला. पंकजाताईंचं तिकडं लक्ष गेलं होतं. त्या सलाईनचे थेंब मोजत बसल्या.

अर्धी बाटली संपायच्या आत कालवडीनं पाय ताणले.

रंगनाथनं मागच्या रानात खड्डा घेतला. दिवस कलला तेव्हा गाय हंबरत होती. कास तटली होती. तो धार काढायला बसला, तशी तिनं लाथ झाडली. वासरू पुढं असल्याशिवाय ती पान्हा सोडत नव्हती. त्यानं काठी उचलली.

"ऱ्हाऊ द्या," बनुबाई म्हणाली. "मी बघते."

कालवडीचं डोकं मांडीवर घेतलेली साडी तिनं अजून बदलली नव्हती. ती बादली घेऊन कासेशी बसली. गाईनं मान वळवून तिचा खांदा हुंगला. पदर हुंगला. मग खरखरीत जिभेनं ती बनुबाईची पाठ चाटू लागली.

बनुबाई हलली नाही. थोड्या वेळानं बादलीत धार वाजली.

"सोडलास का न्हाई पान्हा?" रंगनाथ हसून म्हणाला. "गाय बी फसती बघ."

बनुबाईनं धार थांबवली नाही. गाय चाटत होती.